तात्यांना वर उचललं तो दिवस

“डॉक्टर, आज माका जरा जास्त वर उचला,” पट्ट्यांत लोंबकळत तात्या म्हणाले. “पोरगो येतोय मुंबईसून.”

तात्या समुद्रकाठच्या नाटे गावचे. सारा जन्म मासेमारीत गेलेला. अर्धांगवायूने डावा पाय लुळा पडला होता. मी रत्नागिरीच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होतो. चालायला शिकवणारा रोबोट आमच्याकडे नुकताच आला होता. पेशंटला पट्ट्यांनी वरून टांगायचं, खाली ट्रेडमिल सरकते आणि यंत्र त्याचे पाय उचलून पुढे टाकतं. शरीराचं वजन यंत्राने किती पेलायचं, ते स्क्रीनवर ठरवतात. त्याला सपोर्ट म्हणतात. तात्यांना निम्मा लागायचा.

“चालताना दिसलंय तर गावात ऱ्हवाक देईल. नायतर उचलून खोलीवर नेऊन टाकील. दर्या सोडून मी नाय जगूचंय.”

मला दया आली. सपोर्ट जवळजवळ पूर्ण केला. तळवे ट्रेडमिलला जेमतेम शिवत होते. मुलगा, सुरेश, दारात आला तेव्हा तात्या वरातीत निघाल्यासारखे चालत होते.

सुरेशचे डोळे भरून आले. “डॉक्टर, उपकार झाले! आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाय. म्हणून तर बाबांना नेत नव्हतो. आता उद्याच नेतो.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी फक्त टोपलीतल्या सुरमईची पाहिली आहे.

“खाली सोडा,” ते पुटपुटले.

मी सपोर्ट पुन्हा निम्म्यावर आणला. डावा गुडघा मुडपला आणि यंत्र शिट्टी मारून थांबलं. तात्यांनी धडधाकट उजवा पायही सोडून दिला.

“आये गे! दोनय गेले!”

“उजव्याला काय झालं?” सुरेशने विचारलं.

“भावाचा दुख बघवत नाय त्याका.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “मशीनमध्ये बिघाड दिसतोय. मघाचं चालणं धरू नका.”

सुरेश एकटाच परत गेला. मग पुण्याहून कंपनीचा तरुण इंजिनिअर आला. त्याने यंत्र पार खोललं, पण काही सापडेना. “बिघाड सापडत नाही म्हणजे काय?” आमचे मोठे डॉक्टर त्याच्यावर खेकसले. मी नंतर त्याला कोकम सरबत पाजलं. शेवटी त्याने एक चांगला चालणारा सेन्सर उगाच बदलला आणि तोंड लपवत निघून गेला.

तात्या पुढे खरोखरच काठी टेकत बंदरापर्यंत जाऊ लागले. सुरेश गावी आला की मात्र खाटेवरून हलत नाहीत.

यंत्र ठणठणीत होतं. त्या इंजिनिअरने मला क्षमा करावी. नव्या फिजिओथेरपिस्टांना एवढंच सांगतो: सपोर्ट वाढवण्याआधी नातेवाइकांकडे लिफ्ट आहे का, ते विचारून घ्या.