‘काय करून राहिले?’ ऐकायला पांढुर्णा आणि सौंसर

सुनंदा, माझी पत्नी, जाऊन पाच महिने झाल्यावर मुलीने मला एक वही आणून दिली. रोजच्या जगण्यातल्या तीन साध्या गोष्टी तिच्यात लिहायच्या, ज्यांच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पहिल्या दिवशी मी लिहिलं: नळाला पाणी आलं. लिफ्ट चालू होती. तिसरी गोष्ट सुचली नाही. चौथ्या दिवशी लिहिलं, ‘सुनंदा स्वयंपाकघरातून विचारायची, अहो, काय करून राहिले?’ लिहून झाल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य ती शेवटची पंचवीस वर्षं बोललीच नव्हती. मीच बंद केलं होतं.

ती मध्य प्रदेशातल्या सौंसरची, मी पुण्याचा. सरकारी कार्यालयात इतरांच्या टिपण्या तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. तपासायची सवय घरीही आली. ‘करून राहिले नव्हे, करताय म्हण.’ ती लवकर शिकली. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. आता ते वाक्य कानात आणू पाहतो, तर माझाच आवाज येतो.

तेव्हा ठरवलं, जिथे लोक असं बोलतात तिथे जायचं आणि ते एकदा ऐकून यायचं. धबधबे किंवा किल्ले शोधत इथे आलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

पुण्याहून नागपूर, तिथून इटारसीच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने सुमारे दोन तासांत पांढुर्णा. डिसेंबरात जाणार असाल तर स्वेटर घ्या. महाराष्ट्र कधी संपला ते कळलं नाही. पांढुर्णा आता जिल्ह्याचं ठिकाण आहे. एका दुकानाच्या पाटीवर गावाच्या नावातल्या ‘ण’चा ‘न’ झाला होता. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला, तो मी परत आणला.

स्टेशनबाहेर दहा रुपयांत चांगला चहा मिळतो. मी मराठीत मागितला, चहावाल्याने हिंदीत दिला. रिक्षावालाही ‘आइए साहब’ म्हणाला. माझा इस्त्रीचा शर्ट पाहून सारं गाव हिंदीत शिरत होतं. बाजारात संत्री विकणारी एक बाई फोनवर बोलत होती. “काय करून राहिली व? जेवली काय?” मी थबकलो. तिने फोन छातीशी धरला आणि विचारलं, “साहब, कितना दूँ?” एक किलो घेतली. ती पुन्हा फोनवर बोलू लागली, म्हणून आणखी एक किलो घेतली. तिसऱ्या किलोला तिने फोनच ठेवून दिला.

बसने तासाभरात सौंसर. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस आणि संत्र्याच्या बागा. त्यातलीच एक बाग सुनंदाचे भाऊ प्रभाकरदादा यांची, आणि त्यांच्याकडे मी तीन किलो संत्री घेऊन पोचलो. दादांनी पिशवीत पाहिलं आणि ती आपल्या बागेतल्या संत्र्यांच्या ढिगाशेजारी ठेवली.

“प्रवास सुखकर झाला ना?” त्यांनी विचारलं.

“आपण हातपाय धुऊन घ्यावेत,” कुसुमवहिनी म्हणाल्या.

जेवायला तुरीच्या ताज्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी, वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी होती. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी कुणाच्या तरी घरी ओळख काढून हे जेवावंच. पण दोघंही बातम्या वाचल्यासारखं बोलत होते. “आपण अजून थोडं भरीत घेणार आहात का?” आतल्या खोलीत मात्र त्यांची कुजबुज वेगळ्याच चालीत चाले. मी दाराशी गेलो की थांबे.

दोष त्यांचा नव्हता. आमच्या लग्नानंतर वहिनींचं एक पत्र आलं होतं. त्यातल्या चुका हिरव्या शाईने सुधारून, चांगल्या हेतूने, मी ते परत पाठवलं होतं.

“वहिनी, तुम्ही घरात बोलता तसं बोला ना,” मी म्हणालो.

“छे छे. आपल्यासमोर कसं बोलणार?”

का हवंय ते सांगण्याऐवजी मी आणखी भरीत मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाग पाहिली, शुद्ध मराठीत. मग वहिनी मला नागपूरच्या बससाठी बसस्टँडवर सोडायला आल्या. त्या ओळखीच्या कुणाशी बोलत होत्या तेवढ्यात एक बस हलू लागली. मी धावत जाऊन पायरीवर चढलो.

“अहो भाऊजी! कोठी चढून राहिले? थे छिंदवाड्याले जाते! उतरा ना, बाप्पा!”

सगळं स्टँड वळून पाहू लागलं. मी पायरीवर तसाच उभा होतो.

“पाहून काय राहिले? उतरा! इतके शिकलेले, अन् बसची पाटी वाचता येऊन नाही राहिली? सुनंदा सांगे तेच खरं, आमचे हे कोणाचं ऐकूनच नाही राहत!”

कंडक्टरने शिटी मारून बस थांबवली. मी उतरलो. वहिनींनी तोंडावर पदर धरला. “क्षमा करा, माझ्या तोंडून...”

“आणखी बोला,” मी म्हणालो, आणि तिथेच, चिवड्याच्या गाडीशेजारी, कशासाठी आलो होतो ते सांगितलं.

वहिनींनी तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाल्या, “तुम्ही ऑफिसात गेले का दुपारी तिचा फोन ये. पहिलं हेच, ‘वहिनी, काय करून राहिली व?’ मग तासभर. मायासंग ते असंच बोले, शेवटपर्यंत.”

म्हणजे ते वाक्य मेलं नव्हतं. वर्षानुवर्षं माझ्याच घरात, मी नसताना, सुखात नांदत होतं. एवढा आनंद आणि एवढा अपमान एकाच वेळी मला कधी झाला नव्हता. नागपूरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही. वाचकांनी बसची पाटी मात्र वाचावी.

पुण्यात परतल्याला आता तीन आठवडे झालेत. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचला मी वहिनींना फोन लावला. त्यांनी तो पहिल्याच रिंगला उचलला.

“वहिनी,” मी म्हणालो, “काय करून राहिल्या आहात?”

पलीकडे आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू.

“ते ‘आहात’ कायले लावून राहिले, भाऊजी? काढा ते.”

मी काढलं.