कॅनडाकाकूंचा आयरिसचा वाफा

दुबईत करामातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बर्फाच्या आठवणीनं हळवी होणारी एकच बाई होती, कॅनडाकाकू. जुलैत आम्ही सगळे घामानं निथळत लिफ्टची वाट बघत असायचो आणि त्या म्हणायच्या, "आमच्याकडे दार उघडलं की नाकातले केससुद्धा गोठायचे." हे सांगताना चेहरा असा, की कुणी माहेरचं कौतुक सांगतंय.

समोरच्या फ्लॅटमधल्या मेघनाच्या त्या आई. काका कॅनडातच वारले, घर विकावं लागलं आणि काकू एकुलत्या एका लेकीकडे दुबईला आल्या. सामान फारसं आणलं नव्हतं. जीव अडकला होता तो त्या घराच्या मागच्या अंगणात, आयरिसच्या फुलांच्या वाफ्यात.

वाफा काकांनी लावला होता आणि चुकीचा लावला होता, हे काकू फार मायेनं सांगायच्या. काकांनी कंद हळदीसारखे खोल पुरले. पानं यायची, फूल नाही. शेवटी काकूंनी सगळे उकरून पुन्हा लावले, कंदाची पाठ मातीबाहेर राहील असे. "म्हैस डबक्यात बसते ना, तसं. अंग खाली, पाठ उन्हात." पुढच्या जूनमध्ये जांभळी फुलं आली, तेव्हा काकांनी ऑफिसला दांडी मारली होती म्हणे.

इथे बाल्कनीतही त्यांनी कुंडी लावून पाहिली. थंडी मिळावी म्हणून एक कंद आधी फ्रिजमध्ये ठेवला. मेघनानं तो आलं समजून चहासाठी किसायला घेतला आणि काकूंनी जवळजवळ हिसकावून घेतला. एवढं करून कुंडीत नुसती पानंच आली. "खलास," काकू म्हणाल्या. एवढा एकच अरबी शब्द त्यांनी उचलला होता.

मग राहिला फोन. घर विकत घेतलेल्या लिंडाशी त्यांचं चांगलं जमलं होतं. लिंडा भारी हौशी, पहिल्या गारठ्यालाच वाफ्यावर पेंढा पसरायला निघायची. काकू तिला थांबवायच्या. माती उबदार असताना झाकलं तर कंद कुजतात, आधी जमीन नीट गोठू द्यायची, पेंढा नंतर. मला हे उलटंच वाटायचं. पांघरूण थंडीसाठीच असतं ना, असं मी एकदा विचारलं.

"थंडीनं नाही गं मरत तो," काकू म्हणाल्या. "मध्येच ऊन पडतं, माती सैल होते, पुन्हा गोठते. त्या ओढाताणीत कंद उपटून वर येतो. एकदा गोठला की गोठलेलाच राहू द्यायचा."

एका जूनमध्ये फुलं बघायला जायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगून एवढा लांबचा विमानप्रवास नको म्हटलं. पुढच्या वर्षी इन्शाल्ला जाऊ, असं मेघना म्हणाली आणि काकूंनी मान हलवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुपारी काकूंचा डोळा लागला तो लागलाच.

नोव्हेंबरमध्ये काकूंच्या मोबाईलवर लिंडाचा व्हिडिओ कॉल आला. मेघना तो वाजणारा फोन हातात घेऊन माझ्या दारात आली. तिला एकटीनं तो घ्यायचा नव्हता. आई गेल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा लिंडा तिथेच पायरीवर बसली. मग तिनं चाचरत विचारलं, आता वाफा झाकू का?

मेघना माझ्याकडे बघायला लागली. तिला हे ठाऊक नव्हतं. ज्या मुलखात मी कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या मातीबद्दल मी बोलायला लागले. बोटानं दाबून बघ, म्हटलं. दबत असेल तर अजून थांब.

लिंडा उठून अंगणात गेली. माती दबत होती. फोन ठेवण्याआधी मेघनानं तिला वाफा दाखवायला सांगितलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं. छाटलेली पानं, काळी माती आणि त्यातून वर आलेल्या कंदांच्या तपकिरी पाठी.

"अजून जरा जवळून," मेघना म्हणाली.