कुलथेबाईंची भूपरीक्षा

जिच्या अंगावर पाऊल ठेवल्यावाचून माणसाला चालता येत नाही, आणि तरीही जी कधी रागावत नाही, त्या धरित्रीला प्रथम वंदन. बीजाच्या ठायी अंकुररूपाने प्रकटणाऱ्या जगदंबेची कृपा या अक्षरांवर असो, आणि उतारवयात माझ्या लेखणीत जी चिडचिड उतरते तिला त्या माउलीने आवर घालावा. आवर बसेलच अशी खात्री मी देत नाही, कारण विषय श्रीमती मंदाकिनी कुलथे यांचा आहे.

कुलथेबाई यंदा साठ वर्षे पूर्ण करीत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सांगितले, "काका, चार चांगले शब्द लिहा, आणि संस्कृत जरा बेताने." या बाईंच्या शेजारच्या वर्गात मी माझ्या नोकरीचा उत्तरार्ध काढला आहे. चांगले शब्द लिहिण्यापूर्वी काही गाऱ्हाणी मांडण्याचा अधिकार मला तेवढ्यानेच प्राप्त झाला आहे, असे मी मानतो.

आमचे गाव कुरुळीच्या अलीकडे, कारखान्यांच्या पट्ट्यात. तेथील शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि देवीच्या देवळात पुराण सांगत असे. एके सकाळी वर्गात शिरलो तर खिडकीच्या कट्ट्यावर गढूळ पाण्याच्या बाटल्यांची रांग. मुले फळ्याकडे पाठ करून बसलेली. मी एक बाटली बाजूला करावी म्हणून हात लावला, तो सगळा वर्ग ओरडला, "सर, हलवू नका!" तेवढ्यात दारात नव्या विज्ञानशिक्षिका उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत चिखल. तशाच हातांनी त्यांनी मला नमस्कार केला.

"सर, दोन दिवस राहू द्या. माझ्या खिडकीत ऊन येतं, तुमच्याकडे सावली आहे."

"पण हे आहे काय?"

"माती बसतेय."

"बाई, इथे मुलं बसतात."

"तीही बसतील," असे म्हणून त्या निघून गेल्या.

त्या बाटल्या मी निवृत्त होईपर्यंत तेथे होत्या. मूठभर माती पाण्यात घालून बाटली हलवायची आणि ठेवून द्यायची, एवढाच तो प्रयोग. वाळू आधी तळाला जाते, तिच्यावर गाळ बसतो, आणि चिकणमाती दिवसच्या दिवस पाण्यात तरंगत राहते. मी विभक्ती शिकवीत असता मुलांचे डोळे त्या थरांवर असत. षष्ठीपर्यंत पोहोचलो की कोणीतरी हळूच म्हणे, "बसली, बसली." विभक्ती बसली असे समजून मी काही काळ सुखी होतो.

बाईंचा दुसरा अपराध असा, की त्या उत्तर देत नाहीत. भिंतीपलीकडून मला सारे ऐकू येई.

"बाई, ही माती चिकट हाय."

"किती चिकट?"

"लय चिकट."

"लय म्हणजे किती? शेजारच्या मुठीपेक्षा जास्त की कमी? तळहातावर लांब वळी करून बघ. कुठं तुटते?"

"तुमीच सांगा की, बाई!"

"मी कशाला सांगू? माझ्या हातात माती नाही."

प्रश्नाला उत्तर न देता शिष्याला पुन्हा तपाला पाठवणारे गुरू आपल्या परंपरेत होऊन गेले, हे मला मान्य आहे. परंतु त्यांच्या आश्रमाला लागून दुसऱ्याचा वर्ग नव्हता. या मुलांनी नदीकाठची माती आणली, कारखान्याच्या कुंपणाजवळची आणली, वाकडच्या कुठल्याशा सोसायटीच्या हिरवळीखालची आणताना रखवालदाराची बोलणी खाल्ली. माती मोज्यांतून आणली, डब्यातून आणली, एकाने तर माझ्या छत्रीतून आणली. डब्याच्या बुडाला भोके पाडून, फडके बांधून, पाणी कोणत्या मातीतून लवकर उतरते हे ती तासन् तास पाहत बसत. मराठवाड्यातून कंपनीच्या कामासाठी आलेल्या घरांतली मुले सुट्टीत गावी गेली की तिकडची माती घेऊन येत, आणि आपली वळी जास्त लांब होते म्हणून ऐट मिरवत. त्यांना एरवी "बाहेरचे" म्हणणारी आमची मुले त्या वळीपुढे गप्प होत. हा चमत्कार बाईंनी घडवला, हे मी येथे नोंदवतो. छत्रीविषयी मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही.

त्यांचे उपकार करण्याचे प्रकारही असेच त्रासदायक. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी वाकडला मुलाच्या घरी पडून होतो. श्रावण लागला. मातीचे शिवलिंग घडवून पूजा करण्याचा माझा नेम आहे, आणि त्या उंच इमारतीत चिमूटभर माती मिळेना. सूनबाईंनी फोनवरून मातीची पिशवी मागवली, ती निघाली नारळाच्या भुशाची. मी घडवावे आणि महादेवांनी ढासळावे, असे सकाळभर चालले. दुपारी बेल वाजली. ओल्या फडक्यात बांधलेला मातीचा गोळा घेऊन कुलथेबाई उभ्या. त्या दोन बस बदलून आल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसतो तोवर बाई म्हणाल्या, "काका, यात मी थोडी वाळू मळली आहे. नुसत्या चिकणमातीचं वाळल्यावर भेगाळतं. भेग गेली तर कुठून गेली ते सांगा." पूजेच्या नेमातही त्यांनी मला निरीक्षणाला बसवले. भेग गेली नाही. मी तसे कळवले. त्यांनी विचारले, "खोलीत पंखा होता का?"

आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहायला बसलो, तो सांगतो. चिडण्याची माझी सारी शक्ती मी त्याच्यासाठी राखून ठेवली आहे.

आमच्या देवळात नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, जिला आम्ही वावरी म्हणतो, ती पसरतात, त्यात सात धान्ये पेरतात आणि मध्ये कलश ठेवतात. धान्य जितके जोमाने उगवेल तितके साल चांगले, अशी श्रद्धा. वावरी आणण्याचा मान पिढ्यान् पिढ्या दत्ताभाऊंच्या घराकडे, तीही त्यांच्याच "काळ्याच्या वावरा"तून. पेरण्याचा मान त्यांच्या घरच्या सुनेचा. दोन वर्षांमागे दत्ताभाऊंच्या मुलाचे लग्न झाले आणि लातूरकडची शीतल त्या घरात आली. त्या नवरात्रात पहिल्यांदाच तिच्या हातून घट पेरला गेला.

घट उगवला नाही. एखाददुसरा पिवळा कोंब आला आणि मान टाकून पडला. दसऱ्याला देवीच्या पायांशी वाहायला तुरा नाही, टोपीत खोवायला तुरा नाही. देवळाच्या पायरीवर बायका कुजबुजू लागल्या. शीतलच्या सासूबाई हिराबाई तर उघडच म्हणाल्या, "हात करंटा हाय पोरीचा. इतक्या वर्षांत असं कदी झालं न्हाई." चारच दिवसांत बोलणे येथवर आले, की दिवाळीला तिला माहेरी पोचवायची आणि पुन्हा आणायची की नाही ते मग बघायचे. शीतल देवीपुढे येऊन मला म्हणाली, "काका, मी न्हाऊन, उपाशीपोटी पेरलं होतं. माझं काय चुकलं ते तरी सांगा."

दत्ताभाऊंची मुलगी गौरी बाईंच्या वर्गात. ती आपल्या वहिनीसाठी वर्गात रडली. त्या संध्याकाळी कुलथेबाई देवळात हजर.

"काका, घटाची माती टाकलीत का?"

"उद्या कोजागरीला विसर्जन."

"मग आज मला द्या."

मी स्वच्छ नकार दिला. घटाची माती ही पूजाद्रव्य आहे, तिची बाटलीत घालून घुसळण करायची नसते, हे मी त्यांना सप्रमाण सांगितले. बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, देऊळ बांधायच्या आधी जमीन पारखायची असते, असं तुम्हीच पुराणात सांगितलं होतं ना? कशी पारखायची?"

मी सांगू लागलो. विषय भूपरीक्षेचा, तेव्हा मला राहवेना. खड्डा खणून त्याच मातीने पुन्हा भरावा, माती उरली तर भूमी उत्तम, कमी पडली तर त्याज्य. खड्ड्यात पाणी ओतून ते किती जिरते ते पाहावे. मातीचा रंग पाहावा, वास घ्यावा, तिच्यात बी पेरून ते कधी उगवते... येथे मी थांबलो. बाई हसल्याही नाहीत. ओंजळ पुढे करून उभ्या राहिल्या. शास्त्रानेच परीक्षा सांगितली असता पुराणिकाने माती अडवून धरावी, हे मला शोभणारे नव्हते. मी माती दिली. मात्र आधी हात धुवायला लावले, आणि ते योग्यच केले.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात त्यांचा वर्ग भरला. हिराबाई, दत्ताभाऊ, पायरीवरच्या साऱ्या बायका यांना गौरीने हाताला धरून आणले होते. एका बाटलीत घटाची माती, दुसरीत दत्ताभाऊंच्याच दुसऱ्या शेतातली. दोन्ही हलवल्या. शेतातली गढूळ ती गढूळच राहिली. घटाची माती झटकन तळाला बसली आणि वर काळी साय धरली.

"वास घ्या," बाई म्हणाल्या.

"जळक्या तेलाचा येतोय," गौरी म्हणाली. मग तिने जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक कागदात गुंडाळून घटाच्या मातीवरून फिरवले. वर उचलले तर त्याला दाढी फुटलेली! लोखंडाचा बारीक चुरा.

"ही तर फाउंड्रीची वाळू, बाई!" मागून एक मुलगी म्हणाली. "पप्पांच्या बुटातून रोज हीच निघती. मम्मी रोज वरडती."

दत्ताभाऊ उठून उभे राहिले. "अगं, रंग तर बघ. काळीशार हाय की! काळ्याच्या वावरातली हाय, माझ्या हातानं आणली."

"काळ्याच्या वावरात भर कधी पडली, भाऊ?" बाईंनी विचारले.

तेव्हा कुठे सारे ध्यानात आले. पलीकडच्या रस्त्याच्या उंचीला आणायचे म्हणून त्या तुकड्यावर उन्हाळ्यात कुठल्याशा कारखान्यातून आलेली काळी भर टिपरने ओतली गेली होती. वावराचे नाव काळे, वर दिसणारी भरही काळी, आणि मान त्याच वावराचा. दत्ताभाऊंनी परंपरेप्रमाणे तेथूनच, वरची वर, श्रद्धेने टोपली भरून आणली. लोखंड ओतण्याचे साचे घडवून टाकून दिलेल्या वाळूत आम्ही जगदंबेला बसवले, आणि ती उगवली नाही म्हणून एका लेकराला करंटी ठरवले. टिपरने केलेल्या गोष्टीचा कौल देवीच्या तोंडी घालायचा, यापेक्षा देवीचा मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही. मी हे सर्वांना सुनावण्यासाठी उठलो. बाईंनी मला हाताने खाली बसवले. वयाचा मान म्हणून काही असतो!

हिराबाई अजून अडून होत्या. "माती वाईट आसंल. पन हात चांगला हाय कशावरनं?"

बाईंच्या जागी मी असतो तर भडकलो असतो. बाईंचा चेहरा मात्र उजळला. "मावशी, हा खरा प्रश्न विचारलात. एकाच वेळी माती आणि हात दोन्ही बदलले, मग दोष कुणाचा ते कसं कळणार?" असे म्हणून त्यांनी चार कुंड्या मांडल्या. दोन कुंड्यांत घटाची वाळू, दोन कुंड्यांत शेतातली माती. वाळूच्या एका कुंडीत शीतलने पेरायचे, दुसरीत हिराबाईंनी. मातीचेही तसेच. धान्य एकाच डब्यातले, पाणी एकाच मापाने, आणि कुंड्या देवीच्या नजरेसमोर.

"मी कशाला? मी काय शाळंत हाय व्हय?" हिराबाई म्हणाल्या.

"मग गौरीच्या हातून पेरून घेते," बाई म्हणाल्या. "उद्या तिलाही सासर आहे."

हिराबाईंनी पदर खोचला.

पुढचे दिवस माझ्या सहनशीलतेचे गेले. मुले सकाळ-संध्याकाळ कुंड्या पाहायला येत, सभामंडपात चिखल करीत, मी झाडीत असे. "काका, कुंडी हलवली का?" असे मला, देवळाच्या पुराणिकाला, दरडावून विचारीत. शेतातल्या मातीत दोन्ही कुंड्या हिरव्यागार उठल्या, शीतलची कणभर उंचच. वाळूतल्या दोन्ही तशाच ओसाड. हिराबाईंनी पदराने हात पुसत आपल्या ओसाड कुंडीकडे बराच वेळ पाहिले.

"आता माझाबी हात करंटा म्हना," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनीच शीतलला हाक मारली, "चल गं, घरी चल. दिवाळीचा फराळ कोन करनार हाय?" शीतल रडत होती आणि हसत होती. माहेरी ती भाऊबीजेला गेली, आणि तिला आणायला हिराबाई स्वतः लातूरला गेल्या. गेल्या वर्षीचा घट सासूसुनांनी मिळून पेरला. वावरी आता कोणत्या शेतातून आणायची हे मुले भाद्रपदात परीक्षा करून ठरवतात, आणि ती टोपली वाहून आणण्याचा मान दत्ताभाऊंचाच आहे.

त्या दिवशी मी बाईंना म्हटले, "अहो, एवढं झालं, दोन शब्द बोलायचे होते सगळ्यांसमोर." तर त्या म्हणाल्या, "काका, मी बोलले असते तर त्यांना माझं खरं वाटलं असतं. आता त्यांना त्यांचं खरं वाटतं." या वाक्यावर मी आजही चिडतो, कारण इतकी वर्षे पुराण सांगून मला ते सुचले नाही.

कुलथेबाई, देवीच्या कृपेने आपणांस दीर्घ आयुष्य लाभो. आपले गुडघे शाबूत राहोत, कारण वाकून मूठ भरल्याखेरीज आपला दिवस जात नाही. आपल्या डोळ्यांना बारीक थर अखेरपर्यंत स्पष्ट दिसोत, आणि आपणांस उलट प्रश्न विचारणारी मुले कधी कमी न पडोत. आणि हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. तुमच्या घरी आलेल्या प्रत्येक लेकीला रुजायला चांगली माती मिळो, आणि तिला दोष देण्यापूर्वी पायाखालची जमीन पारखून पाहण्याची सुबुद्धी जगदंबा तुम्हा-आम्हा सर्वांना देवो.