ड्रेसाजचे मास्तर

वलगाव रोडच्या रायडिंग स्कूलमध्ये मुलांना ड्रेसाज, म्हणजे घोडा तालात चालवणं, शिकवणारे मास्तर दमलेल्या आवाजात दिवसभर एकच सांगतात, "लगाम ढिला सोड बाप्पा, त्याचं तोंड दुखते."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी शाळेचे मालक घोड्यावर बसलेल्या आपल्या मुलीवर ओरडले, "त्याची मान वाकलेली दिसली पाहिजे. लगाम आवळ!" तिने ओढलं. घोड्याच्या ओठाला रक्त आलं. मास्तरांनी तिला खाली उतरवलं.

"हा घोडा उद्या स्पर्धेत येत नाही, साहेब."

"मग तुम्हीही येऊ नका. कधीच."

कुंपणाशी आम्ही दहा पालक होतो. एरवी अन्यायावर तावातावाने बोलणारा मीही गप्प राहिलो.

मास्तरांनी खोगीर काढलं. मुलगी हुंदके देत होती.

"काहून रडून राहिली पोरी? घामानं भिजला तो. पुस त्याले, मंग जा घरी."