कोपर न उचलणारे पुढारी

हात वर न करता क्रांती करू पाहणारा पुढारी साऱ्या जगात एकच झाला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. धंद्याने शिंपी. ग्वाल्हेर दरबारच्या शिवणकारखान्यात चोपदारांचे अंगरखे शिवण्यात त्यांची उमर गेली. संस्थान विलीन झालं, चोपदार गेले, सरकारी चपराशी आले. आतोबा त्याच मशीनवर त्यांचे कोट शिवू लागले. "राज्य कुणाचंही असो, बाह्या दोनच," असं म्हणायचे.

माणसाकडे पाहायला ते चेहऱ्यापासून सुरुवात करीतच नसत. आधी खांदे, मग कॉलर, सवड असली तर नाक. माझ्या बहिणीसाठी स्थळ पाहून आले तेव्हा आत्याने विचारलं, "मुलगा कसा आहे?" आतोबा गंभीरपणे म्हणाले, "पाठीत जरा ढगळ आहे. पण आत घेता येईल."

अशा माणसाला पुढारी केलं ते राज्यपुनर्रचनेने. राजधानी भोपाळला जाणार म्हणताच कारखानाही तिकडेच हलणार, अशी बातमी आली. सगळे कारागीर हादरले. सगळ्यात जास्त आतोबा. ग्वाल्हेरातलं आमचं लश्कर सोडून त्यांना झोपच यायची नाही. झांशीला लग्नकार्याला गेले तरी संध्याकाळच्या गाडीने परत माधवगंजातल्या घरी हजर. शिंप्यांनी युनियन काढली आणि आतोबांना अध्यक्ष केलं, कारण साहेबलोकांच्या छातीला टेप लावायची सवय असलेले तेच एक होते.

पाटणकर बाजारातून पहिला मोर्चा निघाला. सगळ्यांनी जोशात मुठी उगारल्या मात्र, आतोबा मागे वळून ओरडले, "हाथ नीचे! काखेत उसवेल सगळं!" त्या दिवसापासून आमच्या युनियनच्या घोषणा कोपर अंगाला चिकटवून होत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, ही मंडळी मयतीला चालली आहेत आणि गेलेला माणूस फारसा जवळचा नसावा.

शेवटी भोपाळहून बडे साहेब बोलणी करायला आले. इंदरगंजातल्या कारखान्यात खुर्च्या मांडल्या. आतोबांनी भाषण पाठ केलं होतं. "साहब, हमारी माँग..." एवढं म्हणाले आणि त्यांची नजर साहेबांच्या डाव्या खांद्यावर गेली. झालं! "बात बाद में. पहले कोट उतारिए."

"क्यों?" साहेब दचकले.

"कंधा गिर रहा है आपका. मुझसे देखा नहीं जाता."

साहेब शर्टावर बसले, आतोबा मशीनवर. खांदा उसवता उसवता ते बोलत राहिले, आणि पाठ केलेलं भाषण विसरल्यामुळे फार चांगलं बोलले. कुणाची म्हातारी आई, कुणाची शाळेत जाणारी पोरं, सगळ्यांचं सांगितलं. स्वतःचं तेवढं राहिलं. साहेबांनी कोट चढवला, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि विरघळले.

"ठीक है. कारखाना यहीं रहेगा."

जल्लोष झाला. त्यात साहेबांचं पुढचं वाक्य आतोबांनाच काय ते ऐकू आलं. "लेकिन आप हमारे साथ भोपाल चलेंगे. ऐसा हाथ वहाँ चाहिए."

नाही म्हटलं तर साहेबांचं मन फिरायचं. आतोबा नुसते "जी" म्हणाले.

घरी आत्या कडाडली, "खांदा पडू द्यायचा होता मेल्याचा! तुमचं काय जात होतं?"

"अगं, दिसला ना!" आतोबा म्हणाले.

गेले ते पेन्शनीपर्यंत भोपाळलाच राहिले. गणपतीला तेवढी दोघं लश्करला यायची. परतीच्या दिवशी मी सामान घेऊन स्टेशनावर पोचवायला जाई आणि इंदरगंजात तांगा हटकून थांबवावा लागे. आतोबा आत कधी गेले नाहीत. कारखान्यासमोर रस्त्याच्या कडेला उभे राहत. आतून साऱ्या मशिनींचा एकदम खडखडाट येई.

"चला हो, गाडी चुकेल," आत्या म्हणे, पण हळूच.

"थांब गं जरा," आतोबा कान देऊन म्हणत. "काय गोंगाट करतात लेकाचे!"

आणि मग आम्ही तिघंही थोडा वेळ ते ऐकत उभे राहायचो.