मागच्या सीटचं दार

मुलगा गाडी घेतोय. लांबच्या सहलींना पुढे तो आणि सूनबाई, मागे मी, असा बेत आहे. दोन दारांची ऐटदार कूपे घ्यावी की दणकट इंजिनाची सेडान, इथे त्याचं अडलंय. शोरूममध्ये म्हणाला, "बाबा, मागे बसून सांगा."

कूपेची पुढची सीट वाकवून मला आत सरकवलं. सीट परत जागेवर आली, दार लागलं. तो बाहेर सेल्समनशी बोलत राहिला. मी बाजूला चाचपून पाहिलं. दार नाहीच. तळहाताएवढी काच, तीही न उघडणारी. आयुष्यभर मी स्टिअरिंगपाशी बसलो. आता पुढचं माणूस उतरल्याशिवाय मला उतरता येणार नाही. म्हातारपणाची भीती मी आजवर दुखण्यांत शोधत होतो. तिला नव्याकोऱ्या लेदरचा वास असेल असं वाटलं नव्हतं.

"सेडानच घे," बाहेर येताच मी म्हणालो.

"आधी बसून तर बघा."

सेडानमध्ये माझ्या बाजूला माझं दार होतं. जीव भांड्यात पडला. मग उतरायला खटका ओढला, तर दार उघडेना. पुन्हा ओढला. खांद्याने ढकलून पाहिलं.

मुलाने बाहेरून दार उघडलं. "चाइल्ड लॉक आहे, बाबा. तुम्ही मागे असलात की लावूनच ठेवीन, म्हणजे काळजी नाही," तो मायेने म्हणाला आणि हात पुढे केला.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. तरी मी तो हात धरला.