दादा आला, असं मी काकूला सांगितलं

काकू गेली तेव्हा दादा विमानात होता. आमच्याच डोक्यावर.

माझं विमानांचं वेड तुम्हाला माहीत आहे. वरून आवाज आला की मी फोन काढते. कुठून कुठे, किती उंचीवर, किती स्पीड.

काकू हसायची. "ही पोरगी जमिनीवर हाय का न्हाई?"

मार्चपासून ती आजारी. लंडनहून दादा, तिचा मुलगा, येतो म्हणाला की हीच अडवायची.

"हितं टँकरचं पाणी. लेकरं घेऊन कशाला येतूस? पाऊस पडू दे."

मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. दादा एकटाच निघाला.

काकांनी मलाच विचारलं, "किती वेळ लागंल गं?"

"लंडन-हैदराबाद डायरेक्ट आहे काका! पावणेआठ हजार किलोमीटर, फक्त साडेनऊ तास!"

"आन् हैदराबादहून उदगीर?"

"इमिग्रेशन, टॅक्सी... पाच तास तरी."

"हाव. आपला उदगीर येगळा जिल्हा झाला की इमान हितंच उतरवतील," काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकूचा श्वास अडखळत होता. मुठीत गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलेलं. डोळे दाराकडे.

शेजारच्या मावशी आईला म्हणाल्या, "लेकात जीव अडकलाय. कानात सांगा, आला म्हणून. सुटंल बिचारी."

आमच्याकडे असं सांगतात.

मी भडकले. "खोटं का सांगायचं? तो खरंच येतोय. मी लाईव्ह बघतेय!"

"बरं बाई. तुझ्या फोनला लई कळतंय."

दुपारी स्क्रीनवरचं ते छोटं पिवळं विमान लातूरवरून पुढं सरकलं. मग उदगीर. मग आमचं घर.

मला कोण आनंद झाला. धावतच आत गेले.

"काकू! दादा आला! आपल्या घरावरच आहे!"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आला?"

"हाव काकू, आला!"

ती हसली. मूठ सैल झाली.

मावशींनी तिचे डोळे मिटले, तेव्हा मला कळलं.

विमान अजून हैदराबादला टेकलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी दादा पोचला. आम्हा लिंगायतांच्या रीतीनं काकूला बसवलेलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. तो तिच्या पायाशी बसून एकेकाला विचारत होता, "माझं नाव घेतलं का? काही बोलली का?"

मी म्हटलं, "झोपेत गेली."

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "चांगलं केलंस पोरी." ते मला अजून ऐकवत नाही.

दादा, तू परत गेलास. फोनवर सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथं लिहितेय.

ती झोपेत नाही गेली. तुझी वाट बघत होती. अजून पाच तास बघितली असती की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

पण मी तिला वाट बघायची गरजच ठेवली नाही.

शरणार्थ, काकू. पाया पडते. माफ कर.